धक्क्यावरची वही

१

दुपारी चार वाजता ब्रेंडा मॅकॉले केकचं खोकं घेऊन आपल्या कॅफेत शिरली, सवयीने डावीकडच्या शेल्फकडे पाहिलं, आणि खोकं खाली ठेवायचंच विसरली. शेल्फवर वही नव्हती.

ही काही साधीसुधी वही नव्हे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉर्थ सिडनीच्या धक्क्यावरून न्यूफाउंडलंड बेटावर ट्रक वाहून नेणारी बोट, म्हणजे फेरी, जाते. वारा चढला की फेरी सुटत नाही, आणि फेरी सुटली नाही की ओंटारिओपासून, अल्बर्टापासून माल घेऊन आलेले ट्रक धक्क्यावर रांग लावून बसतात. एकोणीसशे एकोणनव्वद साली अशाच एका तुंबलेल्या दिवशी ब्रेंडाने लाल कापडी बांधणीची जाडजूड वही टेबलावर आपटली आणि म्हणाली, "कुरकुर कशाला करता? लिहा त्यापेक्षा." तेव्हापासून छत्तीस वर्षं ड्रायव्हर त्यात लिहीत होते. कुणी तीन दिवस अडकल्यावर चाळीस ट्रकवाल्यांनी मिळून रांधलेल्या जेवणाची गोष्ट लिहिली होती, तर कुणी ख्रिसमसची झाडं घेऊन निघालेला ट्रक सव्वीस डिसेंबरला कसा पोचला त्याची. आज कॅफेचा शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी म्युझियमची माणसं वही न्यायला येणार होती, आणि दुपारी ब्रेंडा कायमची कॅलगरीला मुलीकडे जाणार होती.

तिच्या मागोमाग अभ्यंकर नवराबायको आत आले. ओटाव्याचं हे निवृत्त जोडपं पूर्वेचं टोक बघायला म्हणून गाडी घेऊन निघालेलं आणि दोन दिवस इथेच खोळंबलेलं. खोळंबा चंद्रकांतरावांना मानवला होता, कारण कॅफेचं स्वयंपाकघर कस्तुरी इंगवले नावाची कोल्हापूरची मुलगी सांभाळत होती. विजयालक्ष्मीबाई मात्र दोन दिवस वहीच वाचत बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी हवामान खात्यात देशभरच्या केंद्रांवरून आलेली निरीक्षणं तपासली होती. लिहिलेलं दिसलं की वाचायचं आणि वाचलं की शंका घ्यायची, हा स्वभावच झाला होता. चंद्रकांतराव त्याला रोग म्हणत.

"दोनला आपण तिघं बाहेर पडलो, तेव्हा वही इथे होती," ब्रेंडा म्हणाली. "मी स्वतः ठेवली. विजया, तू पाहिलंस."

"पाहिलं," विजयाबाई म्हणाल्या.

"मग दोन ते चार इथे कोण होतं?"

स्वयंपाकघराच्या दारात कस्तुरी उभी होती, हाताला बेसन लागलेलं. निरोपासाठी ती बटाटेवडे करत होती. "मीच होते," ती म्हणाली. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

२

कस्तुरीचं वय एकतीस. कोल्हापुरात कॉलेजात शिकवायची, इथे पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं या कॅफेत कुक होती. कायम वास्तव्याच्या, म्हणजे पीआरच्या, अर्जाला मालकिणीच्या सहीचं अनुभवाचं पत्र हवं होतं. टाइप केलेलं पत्र काउंटरवर केकच्या बशांशेजारी पडलेलं होतं. त्यावर तेवढी सही व्हायची होती. उद्या कॅफे नसणार, ब्रेंडा नसणार, आणि दूर गेलेल्या मालकिणीकडून असं पत्र मागून मिळवणं किती अवघड, हे निर्वासितासारखं कागद गोळा करत फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

ब्रेंडाने पत्र उचललं, पेन उचललं आणि दोन्ही खाली ठेवलं.

"गेल्या आठवड्यात तूच म्हणालीस ना, वही म्युझियमच्या काचेत जाऊन पडेल, कुणी उघडणार नाही, मला टाइप करायला दे म्हणून?"

"म्हणाले. आणि तू नको म्हणालीस. विषय संपला."

"मला खोट्या मजकुरावर सही करता यायची नाही, कस्तुरी. हे पत्र म्हणतं की तू विश्वासू आहेस."

आत तेल तापलेलं होतं, कस्तुरी आत गेली आणि तिने गॅस बंद केला. विजयाबाईंना फार वाईट वाटलं. दोन दिवस या मुलीने त्यांना घरच्यासारखं जेवू घातलं होतं.

"पोलिस?" चंद्रकांतरावांनी विचारलं.

"वारा पडलाय. सहाला बोर्डिंग सुरू होईल. पोलिस येईस्तोवर सगळे समुद्रात," ब्रेंडा म्हणाली.

विजयाबाईंनी बाकावर बसकण मारली आणि एक कागदी नॅपकिन पुढे ओढला. "मग आपल्याला दोन तास आहेत. दुपारी जे जे इथे आले, त्यांना बोलाव."

"विजू, तू आता डिटेक्टिव्ह होणार?"

"अहो, तुमचा चष्मा रोज कोण शोधतं?"

३

पहिला आला शुभंकर. ओंटारिओतल्या मिल्टनचा, अठ्ठावीस वर्षांचा, स्वतः ट्रक चालवायचा आणि ड्रायव्हरांचे व्हिडिओ करायचा. वही स्कॅन करू दे म्हणून त्याने ब्रेंडाच्या मागे दोन महिने भुणभुण लावली होती. त्याच्या खांद्यावर ही भली मोठी बॅग होती, आणि चंद्रकांतरावांची नजर तिच्यावरून हटेना.

"काकू, मी तीन चाळीसला आलो. फोनवर टाइम आहे, हा बघा व्हिडिओ." व्हिडिओत रिकामं शेल्फ स्पष्ट दिसत होतं. "सीरियसली, मीच शॉक झालो. मी क्लोजिंग शॉट घ्यायला आलो होतो, आणि मेन प्रॉपच गायब!"

"बॅगेत काय आहे?" चंद्रकांतरावांनी विचारलंच.

ट्रायपॉड, दोन जॅकेटं आणि थेपल्यांचा डबा निघाला. चंद्रकांतरावांची थोडी निराशा झाली.

दुसरा गॉर्ड शेपर्ड. न्यूफाउंडलंडचा, एकोणऐंशी वर्षांचा, चाळीस वर्षं ट्रक चालवून आता निवृत्त झालेला. आज सकाळी वारा घटकाभर थांबला तेव्हा जी एकुलती एक फेरी आली, तिने तो खास ब्रेंडाच्या निरोपासाठी आला होता. तो रेडिएटरशेजारीच बसला, जाड कोट गळ्यापर्यंत बंद.

"साडेतीनला आलो, माय लव्ह," तो विजयाबाईंना म्हणाला. न्यूफाउंडलंडची माणसं दूधवाल्यालाही माय लव्ह म्हणतात, पण चंद्रकांतरावांनी घसा खाकरलाच. "कुणी दिसलं नाही. स्वतःच चहा ओतून घेतला, पंधरा मिनिटं बसलो, गेलो."

"तेव्हा वही होती शेल्फवर?"

गॉर्डने कपाकडे पाहिलं. "लक्ष नाही दिलं." मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाला, "पाच वाजले. गोळी घ्यायची वेळ झाली."

विजयाबाईंनी नॅपकिनवर दोन ओळी लिहिल्या. आपल्या फोनकडे एकदा पाहिलं आणि तिसरी ओळ लिहिली.

"कोट काढ ना, उकडत असेल," त्या म्हणाल्या.

"म्हाताऱ्याची हाडं," गॉर्ड म्हणाला आणि कोट आणखी आवळून घेतला.

४

तिसरे ईश्वर जगदाळे. मूळचे साताऱ्याकडचे, साठीचे, ओंटारिओतल्या वॉनच्या गोदामातून न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला माल नेण्यात तीस वर्षं घातलेले. शब्दाला पक्के म्हणून धक्क्यावर नाव होतं. ब्रेंडा म्हणे, ईश्वर सांगेल ते दगडावर कोरावं.

"वैनी, मी पयल्यांदा हितं आलो तवा गाड्या धाडनाऱ्या डिस्पॅचरनं सांगितलंच न्हाई की म्होरं समुद्र हाय!" ते हसत बसले. "आता रस्ता कुटं गेला म्हनून धक्क्यावर उतरून हुडकत हुतो."

"आज दुपारचं सांगा."

ईश्वररावांचं हसू मावळलं. "आज शेवटचा दिवस, म्हनून वहीत एक पान लिवावं म्हटलं. आत आलो तर शेल्फ रिकामं. वाटलं, ब्रेंडानं आत ठिवली आसंल. कस्तुरीनं वडा दिला, त्यो खात बाहीर आलो."

"किती वाजता?"

"अडीच. अगदी ठोक्याला. दारातच हुतो आन् उमाचा फोन आला. आमची मंडळी शाळेच्या कँटीनला हाय, अडीचला घरात पाऊल टाकती आन् मला फोन लावती. तीस वर्षांत चुकलं न्हाई." त्यांनी कस्तुरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "पोरीवर आळ यावा म्हनून न्हाई सांगत. पर खोटं कसं बोलू?"

खोटं ते बोलत नव्हते, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. दोनला वही होती. अडीचला नव्हती. गॉर्ड आला साडेतीनला, शुभंकर तीन चाळीसला. मग मधल्या अर्ध्या तासात कॅफेत होतं कोण? एकटी कस्तुरी.

ब्रेंडाने पत्राची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

५

विजयाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. कस्तुरी ओट्याला टेकून उभी होती. उकडलेल्या बटाट्याचं सारण परातीत तसंच पडलेलं, चाळणीत वीस-बावीस वडे.

"काकू, तुम्हालाही वाटतंय मी घेतली?"

"मला अजून काहीच वाटत नाही. तू दुपारभर काय केलंस ते सांग. वेळ सांगू नकोस, काम सांग."

कस्तुरीने डोळे पुसले. "तुम्ही गेलात तेव्हा बटाटे कुकरला लावले. सोलून कुस्करत होते तेव्हा दारावरची घंटा वाजली. हात भरलेले होते, म्हणून बाहेर नाही बघितलं. मग फोडणी, सारण, गोळे. पहिला घाणा तळत होते तेव्हा पुन्हा घंटा वाजली, ईश्वरकाका होते. त्यांना त्यातलाच एक दिला, गरम गरम. तो घाणा काढला, दुसरा सोडला, तर शुभंकर आत आला, कॅमेरा घेऊन. त्यालाही दिला. मी ब्रेंडाला सांगितलं की ईश्वरकाकांच्या आधी कुणीतरी आलं होतं. तिला वाटतंय मी रचून सांगतेय."

"पहिला घाणा काढून दुसरा सोडायला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं. जास्तीत जास्त."

विजयाबाई चाळणीतल्या वड्यांकडे बघत राहिल्या. एक वडा उचलला, मोडला, खाल्ला. खमंग होता.

ईश्वररावांनी वडा खाल्ला अडीचला. शुभंकर आला तीन चाळीसला. मधे सत्तर मिनिटं. आणि कढईत गेला एकच घाणा.

"कस्तुरी," त्या म्हणाल्या, "सत्तर मिनिटं तेलात ठेवलेला वडा असा लागत नाही. कुणाचं तरी घड्याळ चुकतंय." मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. जिथे कॅफेचं घड्याळ टांगलेलं असायचं तिथे फिकट गोल डाग होता. ब्रेंडाने ते कालच एका जुन्या ड्रायव्हरला आठवण म्हणून देऊन टाकलं होतं. "छे, चुकत नाहीये. प्रत्येकाने आपापलं घड्याळ पाहिलं, आणि तीनही बरोबर आहेत. मीच कशी मूर्ख!"

६

साडेपाचला सगळे गोळा झाले. विजयाबाईंनी नॅपकिन टेबलावर पसरला. नोकरीत असताना नव्या मुलांना समजावत, तशाच त्या शांतपणे बोलल्या, आणि चंद्रकांतराव नेहमीसारखे अभिमानाने इकडेतिकडे बघू लागले.

"आमच्या खात्यात कुणी वेळ सांगितली की पहिला प्रश्न असायचा, ही वेळ कुठली? या देशात एका वेळी सहा वेळा असतात. तो प्रश्न मी आज विचारायला विसरले. ईश्वरराव, उमावहिनी कुठे असतात?"

"वॉनला. घरी."

"त्या अडीचला घरी येतात, ते वॉनच्या अडीचला. तेव्हा इथे किती वाजतात?"

ईश्वररावांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "इथं एक तास म्होरं," ते हळूच म्हणाले. "साडेतीन."

"आणि तुमचं घड्याळ?"

"वॉनचंच. आमचं लॉगबुक घरच्या डेपोच्या वेळंवर असतं, गाडी कुटंबी असू द्या. किती तास चालवली, किती तास झोपलो, सगळं घरच्या वेळंत लिवायचं. तीस वर्षं काटा हलवलाच न्हाई मी." त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "आरं देवा. पोरी, मी हे काय करून बसलो?"

"तुम्ही खरंच सांगितलंत. आम्ही चुकीचं ऐकलं," विजयाबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही आलात साडेतीनला, पहिला घाणा निघताना. शुभंकर दहा मिनिटांनी, दुसऱ्या घाण्याला; त्याचा फोन आपोआप इथलीच वेळ दाखवतो. कस्तुरीचे वडे बरोबर जुळले. आता उरली पहिली घंटा, बटाटे कुस्करतानाची. ईश्वररावांच्या आधी एक माणूस आला होता."

विजयाबाई रेडिएटरशेजारी बसलेल्या गॉर्डकडे वळल्या.

"गॉर्ड, मघाशी तू म्हणालास, पाच वाजले. माझ्या फोनवर साडेचार होते. न्यूफाउंडलंडचं घड्याळ इथल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं. तू आलास तुझ्या साडेतीनला, म्हणजे इथल्या तीनला. सव्वातीनला गेलास. ईश्वरराव साडेतीनला आले तेव्हा शेल्फ रिकामं होतं." विजयाबाईंचा आवाज मऊ झाला. "आणि तू दुपारपासून कोट काढलेला नाहीस."

गॉर्डने कोटाचं एकेक बटण काढलं. लाल कापडी वही त्याच्या पोटाशी होती.

७

"चोरायची नव्हती," गॉर्ड म्हणाला. "एक पान फाडायचं होतं. मग परत ठेवणार होतो. आणि ब्रेंडा, त्या मुलीवर येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं, तेव्हा बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. लाज वाटली."

त्याने वही उघडली. फेब्रुवारी एकोणीसशे शहाण्णव. न्यूफाउंडलंडमधल्या रेकहाऊसच्या रस्त्यावर वारा असा सुटतो की भरलेला ट्रक आडवा पाडतो. विजयाबाईंना त्या जागेचे आकडे पाठ होते. पानावर गॉर्डच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं की आज एका इंडियन येड्याने वाऱ्याचा इशारा न ऐकता ट्रक आडवा करून घेतला, आणि असल्यांनी आपल्या देशात हत्तीच हाकावेत. खाली तीन जणांनी हसून सह्या केल्या होत्या.

"तो येडा ईश्वर होता," गॉर्ड म्हणाला. "आज मला याच्यासारखा दुसरा मित्र नाही. उद्यापासून म्युझियममध्ये कुणीही हे वाचणार. त्याची नातवंडं वाचणार. म्हणून फाडायला घेतलं. पण पान उलटलं तर मागे हे." त्याने बोटाने दाखवलं. "ही अक्षरं मला वाचता येत नाहीत. कुणाची प्रार्थना असेल, कुणाचं मरण असेल. फाडवेना. आणि परत ठेवायलाही जमेना."

मागच्या बाजूला मराठी होतं.

विजयाबाईंनी वही हातात घेतली, पण चष्मा लावला नाही. त्यांनी ती कस्तुरीपुढे धरली. "तू वाच. सगळ्यांना कळेल असं."

कस्तुरीने एकेक ओळ मराठीत वाचली आणि तीच इंग्रजीत सांगितली.

"गॉर्डनं पलीकडं लिहिलंय ते मी आज वाचलं. तेवढं इंग्रजी येतं मला. ट्रक आडवा झाला तेव्हा माझे पाय गारठून गेले होते. ह्याच माणसानं मला काच फोडून बाहेर काढलं, आपल्या पायातले मोजे काढून माझ्या पायात घातले आणि मदत येईपर्यंत आपल्या गाडीत बसवून शिव्या देत राहिला, मी झोपू नये म्हणून. शिव्यांचं तो इथं लिहून गेला. मोज्यांचं लिहायला विसरला. म्हणून मी लिहून ठेवतो. मुद्दाम त्याच्या पानामागंच लिहितो, म्हणजे एक फाडलं तर दुसरंबी जाईल. कुणी फाडू नये. ईश्वर जगदाळे."

ब्रेंडाने ॲप्रनने डोळे टिपले. शुभंकरच्या हातात कॅमेरा होता, पण तो त्याने सुरू केला नव्हता, हे विजयाबाईंनी पाहिलं आणि पोराबद्दल त्यांचं मत सुधारलं.

"तुला एवढी वर्षं माहीत होतं?" गॉर्डने विचारलं.

"तुझं मोजं अजून हायती माझ्याकडं," ईश्वरराव त्याला म्हणाले, मराठीतच, आणि कस्तुरीला ते भाषांतर करून सांगावं लागलं. गॉर्ड हसायला गेला आणि रडला.

ब्रेंडाने खिशातून पत्र काढलं, घडी हाताने सपाट केली आणि सही केली. मग कस्तुरीचा बेसनाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मला माफ कर. विश्वासू हा शब्द मी आधी लिहिला होता. त्याखाली आता हेही लिहिते, की छत्तीस वर्षांतली सगळ्यात चांगली कुक."

कस्तुरीने पत्र छातीशी धरलं. लगेच दूर केलं, कारण बेसन लागलं असतं.

बाहेर फेरीचा भोंगा वाजला. ब्रेंडाने वही कस्तुरीकडे सरकवली. "म्युझियमवाले सकाळी दहाला येतात. तोवर तुझी. जेवढं टाइप होईल तेवढं कर."

"दहा म्हणजे इथले," चंद्रकांतराव म्हणाले, तोंडात वडा असतानाच.

ईश्वरराव दारात थांबले. मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी ओढली आणि काटा एक तास पुढे सरकवला, तीस वर्षांत पहिल्यांदा. "लॉगबुकचं बघून घीन," ते कस्तुरीला म्हणाले. "पर फेरी सुटंपातुर, पोरी, मी तुझ्या वेळंवर हाय."

ते गॉर्डला हाताला धरून धक्क्याकडे निघाले. गॉर्डचा कोट आता उघडा होता. कस्तुरीने गॅस पेटवला आणि तिसरा घाणा सोडला.